मंडळीत नवीन आहात? सोमवारपासून सुरुवात करा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारची उपासना सुटली होती, लोक कंपाउंडमध्ये बोलत उभे होते आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फौंड्रीत कामाला असलेला पोरगा माझ्याजवळ आला. दोनच आठवड्यांपूर्वी त्याचा बाप्तिस्मा झालेला. "सलाम काका," म्हणाला, "आता म्होरं काय करायचं?" त्याला वाटलं असणार, मी उपवास सांगीन, नाहीतर रात्रभराची प्रार्थनासभा. मी विचारलं, "कुणाचं देणं हाय का तुझ्याकडं?"

तो गप्प झाला. मग बोटांवर मोजायला लागला. वहिनीकडून हातउसने घेतलेले दोन हजार. कारखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावरची उधारी. खोलीतल्या मित्राचं हेल्मेट, नेलं ते नेलंच. "यादी कर," मी म्हणालो, "आणि उद्यापासून एकेक खोडत ये."

तुमच्यातले काही जण कामाधंद्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातून कोल्हापुरात आलेत आणि इथल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नवे आहेत. काही जण ख्रिस्ती घरातच वाढले, पण विश्वास आता कुठं आपला वाटू लागलाय. काही जण पहिल्यांदाच शुभवर्तमान वाचताय. तिघांनाही मी हेच सांगतो: सुरुवात सोमवारी करा, आणि जिथं तुमचा विश्वास काय हे कुणी विचारतच नाही, तिथून करा. मी मिठाईचं दुकान चालवतो, धर्मशास्त्र शिकलेला नाही. शिकवणीचे प्रश्न पाळकसाहेबांना विचारा. माझ्याकडं आहे ते रोजच्या वागण्याबद्दल, त्यातलं बरंचसं चुकून शिकलेलं.

आधी देणं

मत्तयाच्या ५ व्या अध्यायात प्रभू सांगतो की अर्पण वेदीजवळ आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. नीट वाचा. तुमच्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे ते इथं विचारलेलं नाही. त्याच्या मनात तुमच्याविरुद्ध काय आहे, ते विचारलंय. आपण नेहमी उलटं वाचतो.

तेव्हा वही घ्या आणि तीन भाग करा: पैसे, वस्तू, शब्द. पहिले दोन सोपे. तिसऱ्यात दिलेली आणि न पाळलेली वचनं येतात, आणि कधी न मागितलेली माफी. "येतो म्हणालो आणि गेलो नाही" हेसुद्धा लिहा. मग सगळ्यात लहान देणं आधी फेडा, कारण ते आजच जमतं. मोठं जमत नसेल तर त्या माणसाकडं स्वतः जा आणि किती देणार, कोणत्या तारखेला देणार ते सांगा. कर्ज असलं की आपण ती गल्लीच टाळतो, महाद्वार रोडवर तो माणूस समोरून आला की दुकानात शिरतो. ते बंद करा. तारीख चुकणार असेल तर चुकण्याआधी सांगा, नंतर नाही.

एक पथ्य पाळा. पैसे परत करताना साक्ष देऊ नका. "मी आता विश्वासी झालो म्हणून देतोय" असं म्हटलं की समोरच्याला वाटतं, विश्वासी झाला नसता तर बुडवलेच असते. फक्त म्हणा, "उशीर झाला, माफ करा." वहिनीच्या हातात दोन हजार पडले की बाकीचं तिला कळतं.

सकाळ

पहाटे दूध आणायला उठताच ना? फोन हातात घेण्याआधी दहा मिनिटं द्या. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा, मग वाचन. नव्या माणसानं उत्पत्तीपासून सुरू केलं की लेवीयात, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, जाऊन अडकतो, म्हणून मी मार्क सांगतो. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान, १६ अध्याय; रोज एक घेतला तर सोळा दिवसांत होतं. त्यानंतर मत्तयाचे ५ ते ७ हे तीन अध्याय, म्हणजे डोंगरावरचं प्रवचन, आणि मग याकोबाचं पत्र. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, म्हणून पुष्कळ जण महिन्याच्या तारखेप्रमाणे एकेक वाचतात. चांगली सवय आहे. किती वाचलं याचा हिशोब मात्र कुणाला सांगत बसू नका.

माप

आता ज्या जागी मी स्वतः आपटलो, तिथं जरा थांबतो.

मिठाईच्या धंद्यात एक जुनी चाल होती. पेढे खोक्यात भरायचे आणि खोक्यासकट वजन करायचं. जाड पुठ्ठ्याचं खोकं माझ्या काट्यावर ७५ ग्रॅम भरायचं. तेव्हा पेढा ४०० रुपये किलो होता. म्हणजे दर किलोमागं गिऱ्हाइकानं ३० रुपये पुठ्ठ्याचे मोजायचे. दिवाळीत दिवसाला शंभर खोकी गेली तर ३००० रुपये. यात काही चुकतंय असं मला बरीच वर्षं वाटलंच नाही, कारण सगळेच करत होते. मी रविवारी पहिल्या बाकावर बसायचो आणि सोमवारी पुठ्ठा विकायचो.

लेवीयाच्या १९ व्या अध्यायात खऱ्या तराजूबद्दल आणि खऱ्या वजनांबद्दल लिहिलंय. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, हेही त्याच अध्यायात, थोडं वरच्या बाजूला. दोन्ही एका पानावर आहेत हे मला फार उशिरा दिसलं. त्या आठवड्यात मी काट्यावर आधी रिकामं खोकं ठेवून झिरो करायला लागलो. पहिल्या दिवशी हात आपोआप जुन्या सवयीनं जायचा. नोकराला सांगताना लाज वाटली, कारण ती चाल त्याला मीच शिकवली होती.

मग मागचं काय करायचं? शुभवर्तमानातल्या जक्कय नावाच्या जकातदारानं ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देईन म्हटलं. माझ्याकडं आलेली शेकडो माणसं मला आता सापडणार नव्हती. पण एक मेसवाले होते, दर रविवारी दोन किलो पेढे न्यायचे. त्यांना मी दुकानात बसवून सरळ सांगितलं. ते काही न बोलता उठून गेले. पुढचे दोन महिने आले नाहीत. नंतर एका रविवारी आले, दोन किलो मागितले आणि काट्याच्या आकड्याकडं बघत उभे राहिले. आजही ते बघतात. त्यांचा तो हक्क आहे.

तुमचा धंदा वेगळा असेल, तुमचं खोकंही वेगळं असेल. ते शोधून काढा. फौंड्रीतल्या पोरानं मला त्याचं सांगितलं: कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या लोखंडात, ब्लोहोल (हवेचं भोक) निघालं की पुट्टी भरून वरून रंग मारायचा, माल पुढं जातो. ऑफिसात असाल तर तुमचं खोकं म्हणजे दुसऱ्यानं मारलेली हजेरी, फुगवलेलं प्रवासभत्त्याचं बिल. रिक्षा चालवत असाल तर नव्या माणसाला रंकाळ्याला लांबच्या रस्त्यानं नेणं. शेतकरी असाल तर दुधात काय जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. साहेब सांगतो म्हणून करावं लागतं, असंही असेल, आणि नोकरी सोडा असं मी दुकानात बसून सांगणार नाही, कारण घर तुम्ही चालवता. पण आधी एकदा तरी साहेबाला नम्रपणे, एकट्यात सांगून बघा. त्या पोरानं सांगितलं. सुपरवायझर चिडला. पण त्यानंतर पुट्टीचं काम त्याच्याकडं देत नाहीत. एवढं झालं, आणि एवढंही पुष्कळ आहे.

जीभ

कोल्हापूरची भाषा रांगडी. इथं जिवाभावाच्या दोस्ताला शिवी देऊन हाक मारतात आणि त्याला राग येत नाही. बाहेरून आलेले नवे विश्वासी विचारतात, आता गोडगोड बोलायचं का? नाही. "काय भावा, जेवलास का" यातली ऊब घालवून पुस्तकी बोलायला लागलात तर तालमीतले दोस्त तुटतील, आणि त्यात प्रभूचा काही गौरव नाही. शिवी तोंडातून जाईल हळूहळू, आपण लक्ष दिलं तर. त्याहून घातक आहे ते तुच्छतेचं बोलणं, आणि ते शुद्ध मराठीतही होतं.

याकोब जिभेला जहाजाचं सुकाणू म्हणतो आणि रान पेटवणारी ठिणगीही म्हणतो. ठिणगी कुठं पडते ते सांगतो. चर्चच्या दाराशी, उपासना सुटल्यावर. "तिच्यासाठी प्रार्थना करा हं, तिच्या घरी फार वाईट चाललंय" असं म्हणत एखाद्या घरातली गोष्ट चार घरांत पोचते. प्रार्थनेच्या नावानं केलेली ही चुगली मला सगळ्यात वाईट वाटते. म्हणून एक साधा नियम ठेवा: जिच्याबद्दल बोलताय ती इथं उभी असती तर हेच, याच सुरात बोलला असता का? नसेल तर गप्प बसा. दुसऱ्यानं सुरू केलं तर म्हणा, "चला, आपण तिलाच भेटून येऊ." बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो.

व्हॉट्सअॅपवर वचनं पाठवणं कमी करा. शंभर जणांना सकाळी वचन पाठवणाऱ्या माणसाला एखाद्याची विचारपूस करायला वेळ उरत नाही, हे मी बघितलंय.

प्रसाद, वर्गणी आणि शेजार

नवरात्रात अख्खं शहर अंबाबाईच्या दर्शनाला, चैत्रात वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा, गणपतीत गल्लोगल्ली मंडळं. अशा गावात तुम्ही ख्रिस्ती म्हणून राहणार आहात. शेजारीण प्रसाद घेऊन दारात येईल, पोरं वर्गणीचं पुस्तक घेऊन येतील.

प्रसादाबद्दल मंडळीतच दोन मतं आहेत. प्रेषित पौलानं करिंथ आणि रोमच्या मंडळींना पत्रांत याच प्रश्नावर लिहिलंय. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा की, खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याचा न्याय करू नये. मी स्वतः प्रसाद खात नाही. पण दार पूर्ण उघडतो, "या ताई, बसा" म्हणतो, पाणी देतो आणि सांगतो, "आम्ही घेत नाही, पण तुम्ही आठवणीनं आणलंत, बरं वाटलं." आत्तापर्यंत कुणी रागावलेलं नाही. राग येतो तो दारातून परत पाठवल्याचा, तोंड वाकडं केल्याचा. दुसऱ्याच्या देवाबद्दल हलकं बोलणं हे तर पापच आहे असं मी मानतो. त्यात विश्वास नसतो, नुसता अहंकार असतो. वर्गणीच्या वेळी मी पोरांना विचारतो, यंदा रक्तदान शिबिर आहे का? असतंच. त्यासाठी देतो आणि जमलं तर रक्तही देतो. नाताळात करंज्या आणि केक त्याच घरांत जातात.

तुमच्या स्वतःच्या घरचे वेगळ्या श्रद्धेचे असतील तर अजून जपून. आई देवघरात दिवा लावते तिथं वाद घालू नका. तिचं औषध वेळेवर आणा, वडिलांची पेन्शन काढायला सोबत जा. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षं दोघं वेगळे राहिले, किती रडल्या असतील त्या. पुढं त्या आल्या त्या स्वतःच्या निर्णयानं. घरच्यांना वेळ द्या. ढकलू नका, आणि फसवून तर काहीच करू नका.

मूळचे कुठले?

हे लिहायला मला जड जातं, पण नव्या माणसाला कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. मंडळीत एखादा तुम्हाला विचारेल, "तुम्ही मूळचे कोण?" गाव विचारतोय असं वाटेल. तो जात विचारत असतो. रॉयल वायल्डर हे मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून प्रभुभोजनाच्या एका मेजावर वेगवेगळ्या जातींतून आलेली माणसं बसली. तरी सोयरीक जमवताना तो प्रश्न अजून निघतो.

हे शाहू महाराजांचं गाव आहे. १९०२ मध्ये त्यांनी मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात मुद्दाम जाऊन चहा प्यायले, लोकांनी बघावं म्हणून. गादीवरचा राजा जर दलित माणसाच्या हातचा चहा घेऊन उभा राहिला, तर मेजावर एकाच भाकरीचे तुकडे घेणाऱ्यांनी जात विचारावी? तुम्ही तो प्रश्न विचारू नका. तुम्हाला विचारला तर गावाचं नाव सांगा, आणखी विचारलं तर म्हणा, "आता आपण एकाच घरचे." शांतपणे म्हणा, भांडू नका. आणि ज्यांना हा प्रश्न टोचतो त्यांच्या शेजारी जाऊन बसा.

योहानाच्या १३ व्या अध्यायात प्रभू शिष्यांचे पाय धुतो. त्याला धरून देणारा यहूदा तेव्हा खोलीतच होता. त्याचेही धुतले. नम्रता म्हणजे काय असं कुणी विचारलं की मला तेच पाय दिसतात.

उजव्या हाताचं डाव्याला

दशमांश किती, कुणाला, कसा, ते मंडळीत सांगतील. मी सांगतो ते देण्याच्या पद्धतीबद्दल. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभूनं सांगितलं तेव्हा फोन नव्हते, पण माणसं तीच होती. दान देताना पुढं कर्णा वाजवणारेही होते, असं तिथंच लिहिलंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात घुसलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, कित्येक दिवस गाड्या अडकून होत्या. आमच्या काही घरांतून भाकऱ्या, चटणी, झुणका जायचा. एका शाळेत आसरा घेतलेल्यांना आम्ही वाढत होतो. एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "तुम्ही कुठली मंडळी?" आमच्यातला एक तरुण उत्साहानं खाली बसला आणि साक्ष सांगायला लागला. आजोबांच्या हातात रिकामं ताट. मागून आमच्या मंडळीतल्या एक मावशी आल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आधी वाढ बाळा. उपाशी माणसाला ऐकायला लावू नये." तो उठला. त्यानंतर चार दिवस त्यानं फक्त पाणी वाटलं. दुसऱ्याच एकानं फोटो काढायला फोन काढला, तेव्हा त्याच पोरानं त्याला थांबवलं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. त्या वेळी कुणाला काही सांगावं लागलं नाही.

तुम्हाला पुराची वाट बघायची नाही. गल्लीत एखादी एकटी राहणारी आजी असतेच. तिचा गॅस संपला का, लाइट बिल भरलं का, बघा. कुणाला सांगू नका, मला पण नाही.

पडलात तर

पडणार आहात. मी ४० वर्षं मंडळीत आहे आणि अजून दुकानात आवाज चढतो. प्रभूचा शिष्य पेत्र, त्यानं कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारलं, आणि त्याच पेत्राला प्रभूनं मेंढरं सांभाळायला सांगितली. म्हणून खचू नका, पण लपवूही नका.

माफी त्याच दिवशी मागा. सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका असं पौल म्हणतो, तो वेळ धरून चाला. माफीच्या वाक्यात "पण" घालू नका. "मी ओरडलो, चुकलं, पण तू पण..." म्हटलं की ती माफी राहत नाही. ज्याच्यासमोर चुकलात त्याच्यासमोरच मागा. नोकराला गिऱ्हाइकांसमोर बोललात तर माफीही गिऱ्हाइकांसमोर. मी एकदा तसं केलं तेव्हा पोरगा कावराबावरा झाला, "असूं द्या मालक" म्हणत खोकी आवरायला लागला. मी परत म्हटलं. दुसऱ्यांदा त्यानं मान हलवली.

आणि घरात. बायकोची माफी मागणं आपल्याकडच्या पुरुषांना फार जड जातं. तिथूनच सराव करा. ताट स्वतः उचला, आपला कप आपण विसळा, मुलांसमोर विसळा.

फौंड्रीतला पोरगा अधूनमधून यादी दाखवतो. वहिनीचं नाव खोडलेलं आहे, चहाचा गाडा खोडलेला आहे, हेल्मेट परत गेलंय. शब्दांच्या भागात अजून दोन नावं आहेत, त्यातलं एक त्याच्या वडिलांचं. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणार आहे, तेव्हा बोलतो म्हणतो.

तुमच्या यादीत कुठं अडलं तर रविवारी भेटा. उपासनेनंतर हॉलमधल्या सतरंज्या घड्या करायला दर वेळी माणसं कमी पडतात, मी तिथंच असतो. एक टोक तुम्ही धरा.